वाट शिकलेले हंस

फेब्रुवारीत मागडीच्या तळ्यावर जो हंस हरभऱ्याच्या रानातून पोट भरून येतो आणि दुपारभर पाण्यावर मान पिसांत खुपसून पडून राहतो, तोच मे महिन्यात समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंचीवर, अर्धवट गोठलेल्या एखाद्या तळ्यातल्या बेटावर घरट्याची राखण करत असू शकतो. मधे हिमालय आहे. हे वाक्य मी अनेकांना सांगितलं आहे आणि दर वेळी शेवटच्या तीन शब्दांशी आवाज जरा अडखळतो.

मागडी गदग जिल्ह्यात. गडहिंग्लजजवळच्या आपल्या नेसरीहून सरळ रेघ मारली तर दीडशे किलोमीटरच्या आसपास. उलट दिशेला, उत्तरेकडे अडीचशे किलोमीटरवर उजनीच्या जलाशयाकाठचं भिगवण. तिथेही हेच हंस हिवाळ्यात उतरतात. म्हणजे आपली नेसरी या दोन मुक्कामांच्या मधल्या पट्ट्यात येते. पश्चिमेला आजरा-चंदगडचे पावसाळी डोंगर, शेजारून वाहणारी घटप्रभा, भात आणि ऊस. पूर्वेला गडहिंग्लजच्या पुढे जमीन मोकळी होत जाते, पाऊस कमी होतो, शाळू-हरभऱ्याची रानं लागतात. हंसाचा देश या पूर्वेच्या बाजूला सुरू होतो. त्याला दाट झाडी नको, चहूकडे नजर पोचेल असं उघडं पाणी आणि जवळ रब्बीचं कोवळं रान हवं.

पक्षीनिरीक्षक त्याला पट्टकदंब म्हणतात, गावोगाव तो राजहंस असतो. अंग राखाडी, डोकं पांढरं आणि त्या पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन ठळक काळे पट्टे. चोच आणि पाय पिवळे-नारिंगी. वजन दोन-तीन किलो. उत्तर ध्रुवाजवळ घरटी करणारे हंस वेगळे; त्यांच्यापैकी कुणी भारतात आलाच तर वाट चुकून किंवा अगदी तुरळक येतो. पण जगाला तिसराही एक ध्रुव आहे असं भूगोलाचे अभ्यासक म्हणतात. दोन ध्रुव सोडले तर सगळ्यात जास्त बर्फ जिथे साठलं आहे तो तिबेट-हिमालयाचा उंच प्रदेश. आपला हंस या तिसऱ्या ध्रुवाचा.

त्याचं घरटं तिकडे. लडाखमधल्या त्सो मोरीरी, त्सो कार या तळ्यांवर, तिबेटमध्ये, चीनच्या छिंगहाय सरोवरातल्या बेटांवर, किरगिझस्तानात, मंगोलियात. मानससरोवराला खेटून असलेल्या राक्षसतालातल्या बेटांवरही हे हंस अंडी घालतात, असं कैलास-मानसाच्या परिसरात वर्षानुवर्षं राहिलेल्या स्वामी प्रणवानंदांनी लिहून ठेवलं आहे. बेटच का, याचं उत्तर सोपं आहे: कोल्ह्याला पोहून यायचं नसतं. पण या उत्तरात एक अडचण दडलेली आहे. एप्रिलमध्ये हंस पोचतात तेव्हा तळं अजून गोठलेलं असतं आणि गोठलेल्या पाण्यावरून कोल्हा आरामात चालत येतो. म्हणून बर्फ फुटायची वाट बघावी लागते. आणि फार वाटही बघता येत नाही, कारण तिथला उन्हाळा आखूड. अंडी उबायला महिना, पिल्लं उडती व्हायला जवळजवळ दोन महिने, आणि ऑक्टोबर उजाडला की पुन्हा थंडी. सगळा संसार या अरुंद फटीत बसवायचा.

मादी जमिनीत उथळ खळगा करते, गवताच्या काड्या रचते आणि त्यावर स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून अंथरते. चार ते सहा अंडी. उबवायचं काम एकट्या मादीचं. नर शेजारी उभा राहून पहारा देतो. बेट लहान आणि जोड्या पुष्कळ असल्या की घरटी इतकी जवळजवळ पडतात की पाऊल टाकायला जागा नसते. ज्या मादीला जागा मिळत नाही ती कधी कधी शेजारणीच्या घरट्यात गुपचूप अंडं टाकून येते. या जातीचा जवळून अभ्यास करणाऱ्यांनी ते नोंदवलेलं आहे. तिबेटी पठारावरच्या थंडीत परक्याचं अंडं आपल्या अंड्यांबरोबर उबवत बसलेली ती मादी मला फार आवडते.

पिल्लं अंड्यातून बाहेर येतात ती डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊनच. आईबाप त्यांना भरवत नाहीत. एक-दोन दिवसांत सगळं कुटुंब घरटं सोडून पाण्यात उतरतं आणि पिल्लं आपापलं गवत खुडू लागतात. आणि नेमक्या याच काळात आईबापही जमिनीला खिळलेले असतात. हंस आपल्या पंखांची मोठी पिसं एकेक करून टाकत नाही, एकदम झाडतो. नवी येईपर्यंत सुमारे महिनाभर त्याला उडता येत नाही. म्हणजे पिल्लांना उडता येत नाही तेव्हा आईबापांनाही येत नाही. धोका आला तर सगळ्यांनी पाण्यात धावायचं. त्सो कारच्या काठावर आता भटक्या कुत्र्यांचे कळप वाढलेत. जमिनीवर घरटं करणाऱ्या सगळ्याच पक्ष्यांना, काळ्या मानेच्या क्रौंचालाही, त्यांचा त्रास आहे. कोल्ह्यासाठी रचलेला बंदोबस्त कुत्र्यापुढे पुरत नाही.

सप्टेंबर सरता सरता पिल्लांचे पंख भरतात. जन्मून फार तर साडेतीन-चार महिने झालेल्या या पोरांना आता हिमालय ओलांडायचा असतो.

इथे मधेच एक जुनी गोष्ट सांगायला हवी. लॉरेन्स स्वान नावाचे दार्जिलिंगला जन्मलेले अमेरिकी जीवशास्त्रज्ञ एका एप्रिलच्या रात्री मकालू शिखराच्या पायथ्याशी, बरून हिमनदीच्या काठाशी उभे होते. रात्र गोठलेली, वारा नाही. दक्षिणेकडून आवाज आला, जवळ आला, डोक्यावरून उत्तरेला गेला. हंसांची हाक. दिसलं काहीच नाही. खाली माणसाला चार पावलं टाकली तरी धाप लागत होती आणि वर कुणीतरी पंख मारत, शिवाय बोलत बोलत चाललं होतं. त्या आवाजाने पुढच्या कित्येक संशोधकांची झोप उडवली. हळूहळू गोष्ट फुगत गेली आणि हंस एव्हरेस्टच्याही वरून उडतात असं पुस्तकांत येऊ लागलं.

खरं काय ते उपग्रहाला जोडलेल्या यंत्रांनी सांगितलं. भारतात चिलिका आणि तामिळनाडूतल्या कूंतनकुळमला, तसंच मंगोलियात हंस पकडून त्यांच्या पाठीवर ही यंत्रं बसवली गेली. ९१ हंसांच्या प्रवासाचा हिशेब २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत उंच नोंद होती ७,२९० मीटरची. एव्हरेस्टच्या दीड हजार मीटर खाली. आणि असं उंच जाणंही अपवादाचं. बहुतेक सगळा प्रवास साडेपाच हजार मीटरच्या आत. हंस शिखरं टाळतात. दऱ्यांतून, खिंडींतून, जिथे डोंगर जरा वाकलेला आहे तिथून पलीकडे जातात. कालिदासाने मेघदूतात हिमालयातल्या क्रौंचरंध्राला हंसांचं दार म्हटलं आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कवीला हंस कुठून जातात याची जी कल्पना होती ती एव्हरेस्टच्या गोष्टीपेक्षा यंत्रांच्या नोंदींशी जास्त जुळते.

गोष्टीतली उंची कमी झाली, पण मला तरी आश्चर्य वाढल्यासारखंच वाटतं. कारण साडेपाच हजार मीटरवर हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्यावर आलेला असतो. हवा विरळ म्हणजे पंखाला आधारही कमी. उडणं हे पक्ष्याचं सगळ्यात महागडं काम, आणि ते नेमकं जिथे श्वास मिळत नाही तिथे करायचं. तेही विसावे घेत, शरीराला सवय लावत नाही. भारतातल्या मैदानातून निघालेला हंस सात-आठ तासांत चार ते सहा हजार मीटर चढतो. माणूस तेवढं चढायला कित्येक दिवस घेतो, आणि घाई केली तर मरतो.

त्यातही संशोधकांचा एक अंदाज साफ उलटा निघाला. दुपारी तापलेल्या दरीतून वारा वर चढतो. त्या वाऱ्यावर स्वार होऊन हंस जात असतील असं वाटायचं. नोंदी सांगतात की ते रात्री आणि पहाटे उडतात, वारा पडलेला असताना. रात्रीची हवा थंड, थंड म्हणून दाट. पंखाला धरायला बरी आणि दर श्वासाला जरा जास्त प्राणवायू देणारी. शिवाय वादळाचा धोका कमी. फुकटच्या वाऱ्यापेक्षा हंसाने भरवशाची हवा निवडली आहे. स्वान यांनी ऐकलेली हाक रात्रीची होती, हे आता योगायोगासारखं वाटत नाही.

२०१५ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. मंगोलियातल्या काही हंसांच्या अंगात हृदयाचे ठोके, पंखांची हालचाल आणि उंची टिपणारी छोटी यंत्रं बसवली होती. त्यांनी दाखवलं की हंस एकदा वर चढून उंचीवर टिकून राहत नाहीत. जमीन चढली की चढतात, उतरली की तेही उतरतात, कमावलेली उंची सोडून देतात आणि पुढच्या डोंगराला पुन्हा चढतात. वरवर हा अडाणी हिशेब. पण विरळ हवेत तरंगत राहायला पंख भराभर मारावे लागतात आणि त्याची किंमत जबर आहे: पंखांचा वेग ५ टक्के वाढला तर हृदयाचा वेग १९ टक्के वाढतो. खाली उतरून दाट हवेत उडणं आणि पुन्हा चढणं, हेच स्वस्त पडतं. प्रवासात त्यांच्या हृदयाचे ठोके सरासरी मिनिटाला ३२८ होते. हंस म्हणजे जिवाच्या आकांताने झुंजत जाणारा वीर, असं चित्र आपण रंगवतो. तो काटकसरीने जातो. घाम गाळण्यापेक्षा जपून खर्च करणं त्याला जमतं.

या काटकसरीच्या मुळाशी रक्त आहे. रक्तातला हिमोग्लोबिन हा प्रथिनाचा रेणू फुप्फुसात प्राणवायू पकडतो आणि अंगभर पोचवतो. या हंसाच्या हिमोग्लोबिनमध्ये, त्याचे मैदानी भाऊबंद जे राखी कलहंस त्यांच्या तुलनेत, मोजकेच फरक आहेत. त्यातला महत्त्वाचा एकच: साखळीतल्या ११९ व्या जागेवर प्रोलिनऐवजी अ‍ॅलानिन. मॅक्स पेरुट्झ यांनी १९८३ मध्ये याकडे बोट दाखवलं. प्रोलिन तिथे शेजारच्या साखळीला टेकून रेणूला जखडून धरतो. अ‍ॅलानिन लहान, त्यामुळे सांधा सैल होतो आणि रेणू प्राणवायूला घट्ट पकडू लागतो. आता यापुढचं ऐका. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावर एक वेगळाच उंचीवरचा हंस आहे. त्याचा आपल्या हंसाशी संबंध अगदी लांबचा. त्याच्या रक्तातही बदल झाला आहे, आणि तो नेमका त्याच सांध्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. दोन पर्वत, दोन कुळं, आणि तोच एक सांधा, एकाने डावीकडून सैल केलेला, दुसऱ्याने उजवीकडून.

रक्ताशिवाय बाकीचंही आहे. स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं जास्त दाट. पेशीतली शक्ती तयार करणारी केंद्रं पेशीच्या कडेला, रक्ताच्या जवळ सरकलेली. खोल आणि संथ श्वास. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधक जेसिका मीर यांनी या जातीची पिल्लं अंड्यातून निघाल्यापासून स्वतः वाढवली. हंसाचं पिल्लू पहिल्यांदा जे हलतं दिसेल त्याला आई मानतं, म्हणून ती मीर यांच्या मागे मागे उडायला शिकली. मग त्यांना वाऱ्याच्या बोगद्यात मुखवटा लावून उडवलं. नेहमीच्या हवेत २१ टक्के असतो तो प्राणवायू १०.५ टक्के, आणि काही वेळा ७ टक्क्यांवर आणला. काही हंस तरीही उडाले. अंगातला खर्च त्यांनी खाली आणला, आणि हृदयाकडे परतणारं रक्त थंड झालं. थंड रक्तात प्राणवायू जास्त मावतो. हे संशोधन २०१९ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालं. त्याच महिन्यात जेसिका मीर अंतराळस्थानकात गेल्या, आणि ऑक्टोबरमध्ये फक्त स्त्रियांनी केलेल्या पहिल्या अंतराळ-पदयात्रेत त्या दोघींपैकी एक होत्या. हंसांना श्वासाचे धडे विचारणारी बाई जिथे हवाच नाही तिथे जाऊन आली.

इतकं सगळं अंगात घेऊन जन्मलेला पक्षी. तरीही एक गोष्ट त्याच्या अंगात नसते, आणि मला सांगायचं आहे ते खरं इथून पुढे.

युरोपात, विशेषतः नेदरलँड्स आणि जर्मनीत, हाच हंस मोकळा राहतो. पूर्वी शोभेसाठी बागांत आणलेले काही पक्षी निसटले, त्यांनी तिथेच घरटी केली. रक्त तेच, ११९ व्या जागेवर तोच अ‍ॅलानिन, तीच फुप्फुसं. पण हिमालयाकडे कुणी तोंड वळवत नाही. समुद्रसपाटीच्या कुरणांत ते गवत खातात आणि आपल्या पिल्लांना त्याच कुरणांची माहिती देतात. डोंगर ओलांडायची ताकद जन्मतः मिळते. कुठला डोंगर, कधी, कुठल्या खिंडीतून आणि पलीकडे कुठलं तळं, हे कुणीतरी सोबत नेऊन दाखवावं लागतं.

कोकिळेचं पिल्लू आईबापांचं तोंड न बघता आपल्या वाटेला लागतं. हंसाचं तसं नाही. पहिल्या शरदात पिल्लं आईबापांच्या बरोबरीने उडतात, सबंध हिवाळा त्यांच्याच सोबत काढतात, आणि वसंतात बहुधा त्यांच्याच मागे परततात. पंढरीच्या वाटेवर आजोबांचं बोट धरून चाललेल्या पोराला पुढे आयुष्यभर कुठल्या ओढ्याशी वळायचं आणि कुठल्या गावी भाकरी मिळते हे सांगावं लागत नाही, तसंच हे. भिगवणच्या पाण्यावर एकमेकांना चिकटून राहिलेली पाच-सहा हंसांची टोळी दिसते ती बहुतेक वेळा एक घर असतं.

वाट अशी शिकून येत असेल तर ती बदलायलाही फार वेळ लागू नये. रक्तातला एक सांधा सैल व्हायला हजारो पिढ्या जातात. घरातल्या थोरांनी एकदा वेगळं वळण घेतलं तर पुढच्याच हिवाळ्यात पोरांची ती रुळलेली वाट होते. हे तर्काने कळत होतं. डोळ्यांसमोर घडताना मात्र ते उत्तर ध्रुवाकडे दिसलं.

गुलाबी पायांचा एक हंस आहे. त्याचं घरटं नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड बेटांवर. हिवाळा डेन्मार्क, नेदरलँड्स, बेल्जियममध्ये, आणि मधली वाट नॉर्वेच्या किनाऱ्याने. पिढ्यान्‌पिढ्या हेच. १९६० च्या दशकात पंधरा हजारांच्या आसपास असलेले हे हंस संरक्षणामुळे ऐंशी हजारांच्या घरात गेले. मग काही हंस स्वीडन आणि फिनलंडमध्ये दिसू लागले. त्यांच्या वाटेवर तो देश नव्हताच. भरकटलेले म्हणून आधी कुणी फार लक्ष दिलं नाही. संख्या वाढत गेली तेव्हा डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठातले येस्पर मॅड्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडमध्ये त्यातल्या काहींवर यंत्रं बसवली. निम्मे हंस रशियाच्या नोवाया झेम्ल्या बेटांवर पोचले. स्वालबार्डपासून जवळजवळ एक हजार किलोमीटर पूर्वेला. तिथे त्यांनी घरटी केली, पिल्लं काढली आणि त्याच नव्या वाटेने परतले. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं तोवर या नव्या वसाहतीत तीन ते चार हजार हंस होते, आणि हे सगळं दहा-पंधरा वर्षांत झालं होतं. एवढी वाढ नुसत्या पिल्लांनी होत नाही. जुन्या वाटेवरचे हंस नव्यांना येऊन मिळत होते.

त्यांना नोवाया झेम्ल्या कुणी दाखवलं? फिनलंडच्या शेतांत त्यांच्याबरोबर चरणारा तैगातला एक वेगळ्या जातीचा हंस उन्हाळ्यात पिसं झाडायला तिकडे जातो. त्याच्या संगतीने हे गेले असावेत असा अभ्यासकांचा कयास आहे. परक्या जातीच्या सोबत्याकडूनही वाट शिकता येते. आणि तिकडे गेल्यावर राहता आलं, कारण जग तापतंय: आजचा नोवाया झेम्ल्याचा वसंत काही दशकांपूर्वीच्या स्वालबार्डच्या वसंताइतका उबदार झाला आहे.

बार्नॅकल हंसाची गोष्टही अशीच. तोही उत्तर ध्रुवाच्या कडेचा. पण १९७१ मध्ये त्याची एक जोडी स्वीडनच्या गॉटलंड बेटावर, नेहमीच्या वाटेवरच्या थांब्यावर, पुढे न जाता अंडी घालून बसली. आज बाल्टिक समुद्राकाठी त्यांच्या हजारो जोड्या आहेत. स्वालबार्डला जाणाऱ्या बार्नॅकल हंसांनी नॉर्वेतला वसंतातला थांबा उत्तरेला सरकवला, त्याचा बारकाईने अभ्यास झाला. जागा बदलायला तयार होतात ती तरणी पोरं. पण थवा जातो म्हाताऱ्यांच्या मागे. हे वाचलं तेव्हा नेसरीतली काही घरं डोळ्यांसमोर आली.

पसरणं दर वेळी सुखाचं नसतं. अमेरिकेतला हिमहंस हिवाळ्यात तिकडच्या शेतांतलं भात आणि मका खाऊन इतका वाढला की उन्हाळ्यात हडसन उपसागराच्या काठाला त्यांच्या चोची सोसवेनात. गवत मुळासकट उपटलं गेलं, उघड्या मातीत मीठ वर आलं आणि कित्येक ठिकाणी हिरवळ परतलीच नाही. दक्षिणेतल्या शेतकऱ्याचं सांडलेलं धान्य हजारो किलोमीटरवरच्या ध्रुवीय जमिनीला उजाड करू शकतं.

आपल्याकडेही शेतीचा हात आहेच. तिबेटमध्ये ल्हासाच्या आसपासच्या खोऱ्यांत हिवाळी गहू आणि सातूची शेती वाढली, तसे हजारो पट्टकदंब तिथेच हिवाळा काढू लागले. शेतात सांडलेलं धान्य आणि कोवळी पात मिळत असताना त्यांना हिमालय ओलांडायची गरज उरली नाही. आणि इकडे दक्षिणेत काय झालं? जुन्या पक्षीग्रंथांत हा मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातला हिवाळी पाहुणा, दख्खनच्या खाली विरळा. नेसरीच्या खिंडीत शिवरायांचे सेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती पडले ते १६७४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे हंसांच्या हिवाळी मुक्कामाच्या ऐन दिवसांत. तेव्हा गोदावरीवर नाथसागर नव्हता, भीमेवर उजनी नव्हती. जायकवाडीचं धरण १९७६ चं, उजनीचं १९८० चं. हे समुद्रासारखे जलाशय एका माणसाच्या आयुष्याहून लहान आहेत. पाणी ओसरत जातं तसा काठाला गाळ उघडा पडतो, त्यावर गवत उगवतं, शेतकरी गाळपेर करतात, आणि हंसाला हवं ते सगळं एका जागी मिळतं: दिवसा पाण्यावर निर्धास्त पडायचं, सांजेला आणि पहाटे काठच्या रानात चरायचं. कुणीतरी पहिली जोडी उतरली असेल, पोरांनी जागा पाहून ठेवली असेल. जायकवाडी १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य झालं, आणि मागडीला २०२४ मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला.

मागडीच्या भोवतीचे शेतकरी या पाहुण्यांचा खर्च सोसतात हेही लिहिलं पाहिजे. शेंगेच्या, हरभऱ्याच्या रानात शेकडो हंस रात्री उतरले की काय उरतं ते ज्याचं रान आहे त्यालाच माहीत. संशोधन, यंत्रं, रामसरची पाटी, या सगळ्याआधी त्या माणसाचा सोशिकपणा येतो, आणि भरपाईची बोलणी त्याच्यापासून सुरू व्हायला हवीत.

हंस एका जागी दाटीने राहू लागले की आणखी एक भीती असते. २००५ च्या उन्हाळ्यात छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने सहा हजारांहून अधिक पक्षी मेले. त्यांत पट्टकदंबांची संख्या फार मोठी होती. जगातल्या त्यांच्या एकूण संख्येतला वीसातला एक, कदाचित दहातला एक, एका तळ्यावर काही आठवड्यांत गेला. वाट माहीत असलेले थोर असे एकदम गेले तर मागे राहिलेल्या पोरांना दाखवणारं कोण, हा प्रश्न पक्षीशास्त्रातल्या कोरड्या आकड्यांच्या मागे उभा असतो. पुढच्या वर्षांत संख्या सावरली. पसरलेली घरटी, पसरलेले हिवाळी मुक्काम, यांचा उपयोग इथे कळतो: सगळी कुटुंबं एकाच तळ्यावर नव्हती.

डिसेंबर ते फेब्रुवारीत गडहिंग्लजच्या पूर्वेला, संकेश्वर-हुक्केरीकडे किंवा हिडकलच्या जलाशयाच्या अंगाने जाणं झालं तर उघड्या पाण्याकडे बघावं. बगळ्यांपेक्षा जाड, बदकांपेक्षा मोठे, मान ताठ धरून चालणारे राखाडी पक्षी दिसले तर डोक्यामागचे दोन पट्टे शोधावेत. मग गळा पाहावा. मंगोलियात शास्त्रज्ञ काही हंसांच्या गळ्यात प्लॅस्टिकची पट्टी घालतात. तिच्यावर दुर्बिणीतून वाचता येईल एवढी मोठी अक्षरं आणि आकडे असतात, आणि अशा पट्टीचे हंस कर्नाटकातल्या तळ्यांवर पुन्हा पुन्हा सापडले आहेत. मंगोलियातल्या तेर्खीन त्सागान सरोवरापासून मागडीपर्यंत सरळ रेघ सव्वाचार हजार किलोमीटरची आहे. पट्टी दिसली तर तिचा रंग, अक्षरं, तारीख आणि तळ्याचं नाव लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं. आणि पट्टीवाल्याच्या सोबत किती हंस होते, त्यांत पोरं किती, हेही मोजून लिहावं. पहिल्या हिवाळ्यातल्या पोराच्या डोक्यावर ते दोन काळे पट्टे अजून उमटलेले नसतात. मानेच्या मागे नुसता तपकिरी डाग असतो, त्यावरून तो ओळखू येतो.